वाटा कुणाचा, धंदा कुणाचा?

रोहे शहर कुठे संपतं आणि वरसे कुठे सुरू होतं, हे नवख्या माणसाला सांगता येणार नाही. एका बाजूला तालुक्याची बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे कारखाने, आणि दोन्हीकडे कामाला जाणारी माणसं या गावात राहणारी. त्यामुळे फोनचे दोन बाजार इथे समोरासमोर येतात. एक दुकानाच्या काउंटरवरचा, जिथे दहा-पंधरा हजारांचा फोन हप्त्यावर जातो. दुसरा कारखान्याच्या खरेदी विभागातला, जिथे फोन आधी तपासला जातो, मग मंजूर होतो आणि मगच कुणाच्या तरी हातात पडतो.

पुढचा संवाद या दोन बाजारांमधला. मामा वरसेला मोबाईलचं दुकान चालवतात. भाची धाटावच्या एका कारखान्यात संगणक विभागात आहे. कंपनीचे फोन ठरवणं तिच्या कामाचा भाग. दोन्ही पात्रं मी बेतलेली आहेत, त्यांच्या तोंडी आलेल्या घडामोडी मात्र खऱ्या आहेत. फोन बनवणाऱ्या कंपन्या ग्राहकासाठी एकमेकींशी झुंजतात, असं आपण रोज वाचतो. तो ग्राहक नेमका कोण, यावर या दोघांचं एकमत नाही.

भाची : मामा, पाटी पुन्हा बदललीत? गेल्या दिवाळीला वेगळ्या रंगाची होती.

मामा : पाटी माझी कुठे आहे गं? पाटी कंपनीची. माझं नाव तेवढं कोपऱ्यात. ज्याचा माल जास्त उचलतो, तो स्वतःच्या खर्चाने पाटी लावून देतो. या दुकानावर आजवर लागलेल्या पाट्या ओळीने मांडल्यास तर देशातल्या मोबाईलचा इतिहास होईल. आधी नोकिया, मग मायक्रोमॅक्स, मग सॅमसंग, मग ओप्पो, विवो, एमआय. बाजारात कुणाचा वाटा किती, हे कळायला मला अहवाल लागत नाही.

भाची : आणि त्यातली एकही पाटी टिकली नाही. मग मोठा वाटा मिळाला म्हणजे जिंकला, असं कसं म्हणायचं?

मामा : टिकली नाही, कारण लोकांनी टिकू दिली नाही. मी तेच सांगतोय. नोकियाने २००३मध्ये ११०० काढला. धूळ आत जाणार नाही असा कीपॅड, डोक्यावर टॉर्च. आपल्याकडच्या माणसाचा विचार करून बनवलेला फोन होता तो. २००६मध्ये त्यांनी तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला कारखाना काढला. तेव्हा वाटलं, यांना आता कोण हलवतो! पण लोकांना दोन सिम हवी झाली. एकाचे कॉल स्वस्त, दुसऱ्याची रेंज चांगली. इथे तर एक सिम घरी चालायचं आणि दुसरं कंपनीत. नोकियाने हे फार उशिरा ऐकलं. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांनी आधी ऐकलं. औरंगाबादचा व्हिडिओकॉनसुद्धा २००९मध्ये मोबाईल घेऊन उतरला होता. २०१४च्या शेवटच्या तिमाहीत, कॅनालिस या संस्थेच्या हिशेबाने, भारतात स्मार्टफोनच्या बाबतीत मायक्रोमॅक्सने सॅमसंगलाही मागे टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला.

भाची : तो केवळ दोन सिममुळे नाही हो बंद पडला. आयकराचा वाद होता. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतला, तेव्हा हा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि मग त्याला काम उरलं नाही. पण ते सोडा. मायक्रोमॅक्सचं पुढे काय झालं ते सांगा.

मामा : जिओ आलं. ५ सप्टेंबर २०१६. फोर-जीशिवाय ते सिम चालायचं नाही आणि देशी कंपन्यांचा बराच माल थ्री-जीचा. माझ्याच कपाटात किती पडून राहिला! तोवर शाओमी २०१४पासून फ्लिपकार्टवर स्वस्तात चांगला माल विकत होती. २०१७च्या शेवटच्या तिमाहीत ती पहिल्या नंबरावर गेली.

भाची : म्हणजे पहिल्या नंबरावरून खाली यायला मायक्रोमॅक्सला तीन वर्षं पुरली. व्हिडिओकॉन २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एलजीने २०२१मध्ये मोबाईलचा धंदाच गुंडाळला, आणि रांजणगावला एवढा मोठा पसारा असलेली कंपनी ती. पुढे शाओमीलाही विवोने मागे टाकलं. हा वाटा म्हणजे काय मोजतात हो? दर तिमाहीला छापून येतो तो आकडा मुख्यतः कंपनीने बाजारात किती खोकी पाठवली याचा असतो. माणसाच्या खिशात किती गेली, हा हिशेब वेगळा.

मामा : ते मला नको शिकवूस. आमच्यात त्याला सेल-इन म्हणतात. दुकानातून गिऱ्हाइकाकडे गेला आणि चालू झाला की ॲक्टिव्हेशन. तिमाही संपत आली की डिस्ट्रिब्युटरचा माणूस येऊन बसतो. अजून थोडा माल उचला, स्कीम सुटेल, टार्गेट पूर्ण झालं की पेआउट मिळेल. उचलला की आठ-दहा दिवसांत त्याच मॉडेलचा प्राइस ड्रॉप. फरकाची भरपाई येते कधी, कधी नुसती चर्चा येते.

भाची : मग ज्या आकड्याला तुम्ही लोकांचा कौल म्हणताय, त्यातला काही भाग तुमच्या कपाटातच पडलेला असतो.

मामा : काही भाग, बरोबर. पण पुढच्या तिमाहीला तोच माल विकावा लागतो ना? कपाट काही तळघर नाही. दोन तिमाही नाही विकला, तर तिसऱ्यांदा मी उचलत नाही आणि कंपनीची पाटी खाली येते. उशिरा का होईना, कौल लोकांचाच. तू मला उलटं सांग. तुझ्या खरेदी विभागाच्या मर्जीवर कुठली कंपनी उभी राहिली?

भाची : ॲपल. जगात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये तिचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो, पण या धंद्यातल्या एकूण नफ्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त नफा तिच्याकडे जातो. भारतात तर तिचा वाटा कित्येक वर्षं एक आकडी होता. तरी २०२३च्या एप्रिलमध्ये टिम कुक स्वतः येऊन मुंबईत बीकेसीला दुकान उघडून गेला. खोकी मोजून त्याने ते उघडलं असेल का?

मामा : ॲपल हौशी आणि पैसेवाल्यांनी उभी केली, ऑफिसवाल्यांनी नाही. ऑफिसवाल्यांचा फोन होता ब्लॅकबेरी. साहेब लोकांच्या कमरेला. त्याचं काय झालं?

भाची : हा घाव बरोबर बसला. ब्लॅकबेरी भारतात २००४मध्ये एअरटेलबरोबर आली. बँका, औषध कंपन्या, मोठे अधिकारी, सगळे तिच्यावर. कंपनीची मेल तिच्याच सर्व्हरमधून कुलूपबंद होऊन जायची. कुलूप इतकं पक्कं की २०१०मध्ये आपलं सरकारच अडून बसलं, आम्हाला तपासता येत नसेल तर सेवा बंद करू. शेवटी कंपनीला मुंबईत व्यवस्था उभी करावी लागली. धंद्याच्या ग्राहकावर इतकी पकड पुन्हा कुठल्या फोनला मिळाली नाही.

मामा : आणि तरी बुडाली.

भाची : २०१६मध्ये स्वतः फोन बनवणं थांबवलं. ४ जानेवारी २०२२ला जुन्या फोनची सेवाही बंद. पण कशामुळे बुडाली ते बघा. जुलै २००८मध्ये आयफोनवर ऑफिसची मेल नीट येऊ लागली, हरवलेला फोन दुरून पुसता येऊ लागला. म्हणजे जे ब्लॅकबेरीचं वैशिष्ट्य होतं, ते दुसऱ्याने घेतलं आणि वर मोठा पडदा दिला. साहेब घरी एक फोन आणि ऑफिसात दुसरा वापरायला कंटाळले. ते आपलाच फोन घेऊन आले आणि संगणक विभागाला म्हणाले, यावर मेल चालू करून दे.

मामा : म्हणजे खरेदी विभाग हरला आणि खिशातला फोन जिंकला. माझंच म्हणणं सिद्ध केलंस.

भाची : अर्धं. खिशातला फोन जिंकला, पण जिंकल्यावर त्याला आमच्या अटी पाळाव्या लागल्या. २०१३मध्ये सॅमसंगने नॉक्स नावाची सुरक्षा व्यवस्था आणली, २०१५मध्ये गुगलने अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा वेगळा केला. एकाच फोनवर घरचं व्हॉट्सॲप निराळं आणि कंपनीची मेल निराळी. माणूस नोकरी सोडून गेला की आम्ही कंपनीचा कप्पा पुसतो, त्याच्या मुलीचे फोटो तसेच राहतात. २०१४मध्ये ॲपलने आयबीएमशी हात मिळवला, तोही याच ग्राहकासाठी. तुमच्या काउंटरवर कॅमेरे मोजतात. माझ्याकडे एक तक्ता असतो. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, दुरून सांभाळता येईल का, बॅटरी बदलून मिळेल का, तेच मॉडेल दोन वर्षांनी पुन्हा मिळेल का.

मामा : आणि तुमच्या कारखान्यात फोन आत नेऊ देतात का तेवढं सांग. गेटवर जमा करून घेतात ना?

भाची : जिथे ज्वलनशील वाफा असू शकतात तिथे साधा फोन चालतच नाही, मामा. बॅटरीतून, स्पर्शातून एक ठिणगी पुरे. अशा भागासाठी वेगळे फोन असतात. आतली ऊर्जा इतकी मर्यादित ठेवलेली की ठिणगी पडली तरी वाफ पेटू नये. असं विद्युत उपकरण धोक्याच्या भागात वापरायचं तर आपल्याकडे पेसोची मान्यता लागते. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, मुख्य कार्यालय नागपूरला. हे फोन साध्या फोनच्या कित्येक पट महाग आणि बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांचं नाव तुमच्या वाट्याच्या तक्त्यात शेवटच्या ओळीतही नसतं. पण धाटाव असो की नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, त्यांच्याशिवाय काम चालत नाही. वाटा नाही म्हणून धंदा नाही, असं होत नाही.

मामा : किती घेता असे फोन? मूठभर. मी धनत्रयोदशीच्या एका दिवशी त्याच्या कितीतरी पट विकतो. आणि माझं गिऱ्हाईक कोण ते तरी बघितलंस का कधी? तू म्हणतेस तसा धंद्याचा ग्राहक गळ्यात ओळखपत्र घालून येतो. माझ्याकडे येते ती मासळी विकणारी बाई. तिच्या टोपलीशेजारी क्यूआर कोड ठेवलेला असतो. पैसे आल्याचा मेसेज फोनवर दिसला नाही तर तिचं गिऱ्हाईक निघून जातं. रिक्षावाला येतो. पेणकडचे मूर्तिकार बघ. जोहे, हमरापूरच्या कारखान्यांतून गणपतीचे फोटो आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातात आणि त्यावर ऑर्डरी ठरतात. फोन बंद पडला तर तुझ्या साहेबाची एक मीटिंग चुकेल. या माणसांचा दिवस बुडतो.

भाची : हे मात्र मला मान्य आहे. मान्य म्हणजे काय, मला तेच म्हणायचं होतं.

मामा : आता माझंच वाक्य माझ्याकडून पळव.

भाची : पळवत नाही, पुढे नेते. मासळीवाली धंद्यासाठी फोन घेते, तरी कुठलीही कंपनी तिला धंद्याचा ग्राहक मानत नाही. कंपनीच्या लेखी ती स्वस्त फोनचं गिऱ्हाईक. सरकारच्या लेखीही तसंच. १ एप्रिल २०२०पासून मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. आमचा कारखाना फोन घेतो, तेव्हा भरलेल्या कराची वजावट मिळते. तिची नोंदणीच नाही, वजावट कुठली? म्हणजे ज्याला परवडतं त्याला फोन करापुरता स्वस्त पडतो, आणि जिचं पोट त्यावर आहे ती पूर्ण कर भरते.

मामा : खरंय. माझ्याकडे जीएसटी नंबर टाकून बिल मागणारे मोजके. बाकीच्यांना बिलसुद्धा नको असतं, वॉरंटीपुरता खोक्यावर शिक्का मारून द्या म्हणतात.

भाची : आणि अंगणवाडी सेविका? २०१९मध्ये राज्य सरकारने त्यांना पोषण अभियानासाठी मोबाईल दिले. ही घाऊक खरेदीच होती. हजारो फोन एकदम, म्हणजे कुठल्याही कंपनीला हवाहवासा ग्राहक. फोन दोन जीबी रॅमचे. २०२१मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं, त्याचं ओझं त्यांना पेलेना. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, त्यात ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाईल सरकारला परत केले. कामासाठी फोन वापरणाऱ्यांनी दिलेला असा दणका माझ्या माहितीत दुसरा नाही. पण कंपनीच्या वाट्यात ते सगळे फोन मोजले गेले. ते परत आले म्हणून आकडा कुणी कमी केला नाही.

मामा : त्यांच्यातल्या काही जणी त्याआधी माझ्याकडे दुरुस्तीला यायच्या. मानधन ते केवढं आणि डिस्प्लेचा खर्च केवढा. नाकापेक्षा मोती जड.

भाची : तुमच्या तक्त्यात तो फोन विकला गेला. माझ्या तक्त्यात तो दोन वर्षांत मेला. दोन तक्त्यांमधला फरक एवढाच आहे. सरकारने खरेदी करताना किंमत विचारली, आयुष्य विचारलं नाही. तेच १५ ऑगस्ट २०२१पासून शेतकऱ्याच्या बाबतीत. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून फोनवर पिकाची नोंद करायची. भाताच्या खाचरात उभा असलेला शेतकरीसुद्धा त्या दिवसापासून कामासाठी फोन वापरणारा झाला. त्याच्यासाठी कुठल्या कंपनीने काय केलं?

मामा : केलं काहीच नाही असं नाही. मराठी दिसायला लागली ना फोनवर? पूर्वी चौकोन दिसायचे.

भाची : ती कंपन्यांची कृपा नव्हे. भारतीय मानक ब्युरोने २०१६मध्ये मानक काढलं. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर सगळ्या भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. पुढे ते सक्तीचं झालं. स्पर्धेने जे दिलं नाही ते नियमाने दिलं. असाच नियम आयुष्याबद्दल हवा. युरोपात २० जून २०२५पासून आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग.

मामा : तुझं अपडेट, अपडेट चाललंय सारखं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू इथेच होतीस. खांब आडवे, टॉवर बंद, किती दिवस वीज नव्हती. सात वर्षांचं अपडेट तेव्हा काय कामाचं होतं? लोक माझ्याकडे आले ते कीपॅडच्या फोनसाठी. एकदा चार्ज केला की बरेच दिवस चालायचा. आणि इन्व्हर्टरवर चार्जिंग लावायला रांग. माणूस फोन घेताना बॅटरी विचारतो, ते अडाणीपणामुळे नव्हे. त्याने वादळ बघितलेलं असतं.

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या तक्त्यात वीज गेल्यावर काय, असा रकानाच नाही, कारण कारखान्यात जनरेटर आहे.

मामा : मग घाल रकाना.

भाची : घालते. तुम्हीही तुमच्या काउंटरवर एक घाला. तुम्ही गिऱ्हाइकाला अपडेटबद्दल सांगता का?

मामा : विचारत नाहीत.

भाची : विचारत नाहीत कारण माहीत नाही. २०२५मध्ये अँड्रॉइड पाचच्या खालच्या फोनवर व्हॉट्सॲप चालेनासं झालं. बँकेची ॲपही जुन्या फोनवर अडतात. मूर्तिकाराचं सगळं व्हॉट्सॲपवर, मासळीवालीचे पैसे ॲपमध्ये. अपडेट संपलं म्हणजे हळूहळू त्यांच्या दुकानाचं शटर खाली येतं. आयफोन ५एस २०१३चा, त्याला जानेवारी २०२३मध्येही सुरक्षेची दुरुस्ती मिळाली. तो महाग फोन होता, ठीक. पण आता गुगलने पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने एस-२४ला सात वर्षांचा शब्द दिला, आणि २०२४च्या शेवटी वीस हजारांच्या आतल्या ए-१६ फाइव्ह-जीलाही सहा वर्षांचा. म्हणजे स्वस्त फोनलाही देता येतं. इतरांनी का दिलं नाही? कारण तुमच्यासारखे विक्रेते मागत नाहीत.

मामा : आम्ही मागायचं? अगं, आमच्या हातात आहे काय? तेच मॉडेल ऑनलाइन माझ्या खरेदीपेक्षा कमी किमतीला. आमची मोबाईल विक्रेत्यांची संघटना वर्षानुवर्षं ओरडतेय. २०२०च्या जानेवारीत स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन-फ्लिपकार्टची चौकशी लावली, त्याला किती वर्षं झाली? विक्रीवर मला सुटतं किती? दुकान चालतं ते कव्हर, टेम्पर्ड ग्लास आणि दुरुस्तीवर. ज्या मॉडेलवर स्कीम जास्त, ते मी पुढे करतो. करणार नाही तर भाडं तू भरशील?

भाची : तुमचा नाइलाज मला कळतो. पण तुम्हीच म्हणालात, दुकान दुरुस्तीवर चालतं. मग पाच-सहा वर्षं चालणारा आणि सुटे भाग मिळणारा फोन तुमच्याच फायद्याचा नाही का? दर दोन वर्षांनी नवा फोन खपवायची गरज कंपनीला आहे. तुम्हाला एकदा विकून सहा वर्षं तेच गिऱ्हाईक बॅटरी बदलायला, डिस्प्लेचा फोल्डर बदलायला येणं परवडतं.

मामा : फोल्डर ओरिजिनल मिळाला तर. कंपनीचं सर्व्हिस सेंटर इथे नसतं, जायचं पनवेलला नाहीतर मुंबईला. मग माणूस मला म्हणतो, काय असेल ते टाका. सरकारने २०२२च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं म्हणतात. पोर्टलवरून वरसेला डिस्प्ले येत नाही.

भाची : म्हणजे हिशेब मांडला तर वाटा वाढवण्याच्या भांडणात सगळ्यांत जास्त कुणाला पोळतं? तुम्हाला आणि मासळीवालीला. आणि तरी तुम्ही वाट्याची बाजू घेताय.

मामा : घेतोय, कारण त्या भांडणामुळेच फोन तिच्या टोपलीपर्यंत पोचला. तुझ्या खरेदी विभागावर सोडलं असतं, तर आजही फोन साहेबाच्याच कमरेला असता. मायक्रोमॅक्स बुडाली, पण जाताना स्मार्टफोन चार-पाच हजारांत आणून गेली. जिओने इंटरनेट आणलं. शाओमीने पंधरा हजारांच्या फोनची लाज काढून टाकली. कंपन्या मेल्या, काम राहिलं. तू आयुष्य मोज, मी पोच मोजतो.

भाची : पोच झाली, मामा. आता आयुष्य मोजायची वेळ आली आहे.

दोघांचा वाद इथे थांबतो, मिटत नाही. माझ्या मते मामांचा मुद्दा गेल्या वीस वर्षांना लागू आहे आणि भाचीचा येत्या वीस वर्षांना. वाट्याच्या झुंजीने फोन स्वस्त केला, खेड्यात नेला, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण सगळ्यांच्या हाती फोन आल्यावर पहिल्या नंबराची कंपनी कोणती, या बातमीला वरसेच्या माणसाच्या लेखी काही किंमत उरत नाही. ज्यांचा रोजगार फोनवर चालतो, ते सगळे धंद्याचे ग्राहक आहेत. टोपली घेऊन बसलेली बाई, रिक्षावाला, मूर्तिकार, अंगणवाडी सेविका, बांधावरचा शेतकरी हे सगळे त्यात आले. मोठ्या कंपन्यांना जी हमी लेखी मिळते, ती त्यांनाही मिळाली पाहिजे. मराठी अक्षरांच्या बाबतीत जे मानकाने घडलं, ते अपडेट आणि सुट्या भागांच्या बाबतीतही नियमानेच घडेल.

नियम येईपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था किंवा सरकारी खातं घाऊक फोन घेत असेल, तर निविदेत किमतीच्या खाली आयुष्याची अट लिहावी : अपडेट किती वर्षं, दुरुस्ती कुठे आणि कुणाच्या खर्चाने. आणि तुम्ही-आम्ही दुकानात गेलो, की कॅमेरे किती ते विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? बॅटरी आणि डिस्प्ले कितीला आणि कुठे मिळणार? एका चार्जवर दिवसभराचं काम होईल का? उत्तरं बिलावर लिहून मागा. दुकानदाराला हे प्रश्न रोज ऐकावे लागले, तर तो डिस्ट्रिब्युटरला विचारेल आणि डिस्ट्रिब्युटर कंपनीला. कंपन्यांना दुसरी कुठली भाषा कळत नसली, तरी गिऱ्हाइकाने अडवलेल्या मालाची भाषा चांगली कळते.